प्रवासात बाबांना स्ट्रोक आला, आज सहावा दिवस, घरी कधी न्यायचं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पहिल्यांदा वाटलं विमानाबद्दल आहे, दुसऱ्यांदा वाचल्यावर कळलं की विमान फक्त वरवरचं आहे.

आधी मला जे समजलं ते लिहिते, चुकत असेल तर सांगा. आईबाबांना घेऊन परदेशात फिरायला गेलात, चौथ्या दिवशी सकाळी साडेसहाला बाबा व्यवस्थित होते, सातला बाथरूममध्ये खाली बसलेले सापडले, तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात लुळा, बोलणं बंद. नऊच्या सुमारास हॉस्पिटलात पोचलात, सीटी स्कॅन झाला, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन मिळालं. आज सहावा दिवस. उजवा पाय गादीवरून थोडा उचलतात, हाताची बोटंसुद्धा हलत नाहीत, आणि तोंडातून एकच शब्द येतो, "चला". आई म्हणतायत की ते घरी चला म्हणतायत. घरून नातेवाईक रोज फोन करून सांगतायत की फिजिओला उशीर होतोय, जे काय सुधारतं ते पहिल्या दिवसांतच, लगेच घेऊन या. तुम्ही विचारलंय की परवाच्या विमानाने निघू का. आणि शेवटी एका ओळीत लिहिलंय की आदल्या संध्याकाळी ते हाताला मुंग्या येतायत म्हणत होते आणि तुम्ही म्हणालात झोपा आता, दमलाय. त्यावरही येते.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, २२ वर्षं झाली, त्यातली बहुतेक स्ट्रोकच्या पेशंटबरोबर. औषधं कुठली, किती, हे तिथल्या डॉक्टरांचं काम, त्यात मी पडत नाही. पण घरी कधी न्यायचं आणि तोवर काय करायचं यात रोज असते, त्यामुळे सरळ सांगते. परवा नको. अजून आठवडाभर तरी निघायचा विचारच नको, आणि त्यानंतरही तिथले डॉक्टर हो म्हणतील तेव्हाच.

आता का ते सांगते. स्ट्रोकमध्ये घाई असते हे खरंच आहे. २००६ मध्ये एक अंदाज मांडला गेला होता की मोठी रक्तवाहिनी बंद झाली की मिनिटाला साधारण १९ लाख चेतापेशी मरतात. म्हणून ते इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, म्हणून मोठी गुठळी असेल तर तारेने ओढून काढायची प्रोसिजर शक्यतो सहा तासांत, काही निवडक पेशंटना २४ तासांपर्यंत. ही घाई तुम्ही केलीत आणि अनोळखी देशात, भाषा येत नसताना दोन-अडीच तासांत केलीत, आपल्याच शहरात राहून लोकांना जमत नाही ते. पण होतं काय, ती घाई अंगात भिनते आणि जात नाही. हॉस्पिटलात पोचलो, इंजेक्शन झालं, आता पुढे काय करू, मग माणूस तिकिटं बघायला लागतो. पहिल्या साडेचार तासांचा हिशोब सहाव्या दिवसाला लावायचा नसतो. त्या तासांत उशीर झाला तर मेंदू जातो, आत्ता उशीर झाला तर हॉटेलचं बिल वाढतं, आणि आत्ता घाई केली तर मात्र पुन्हा मेंदूच पणाला लागतो.

पहिले काही दिवस धोक्याचे का असतात, तर मेंदूच्या इजा झालेल्या भागाला सूज येते आणि ती साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसात सगळ्यात जास्त असते. शिवाय गुठळीच्या जागी रक्तस्राव होऊ शकतो, फिट येऊ शकते, बीपी वरखाली होतं, आणि दुसऱ्या स्ट्रोकची शक्यता सुरुवातीच्या दिवसांत सगळ्यात जास्त असते. तुम्ही सूजेचा टप्पा जवळजवळ पार केलाय, चांगलं आहे. तरी झोप अचानक वाढली, उठवूनही नीट डोळे उघडत नाहीत, उलटी, जोरात डोकं दुखणं, फिट, पाय जेवढा उचलत होते तेवढा उचलेनासा झाला, यातलं काहीही दिसलं तर सकाळच्या राउंडची वाट न बघता नर्सला बोलवायचं. हे विमानात झालं तर कोणाला बोलवणार?

हे सगळं परिस्थितीवर आहे हेही कबूल करते. ज्या हॉस्पिटलात आहात तिथे स्ट्रोकचा स्वतंत्र विभाग आहे, चोवीस तास स्कॅन होतो, फिजिओ आणि स्पीच थेरपिस्ट रोज येतात, असं असेल तर जिथे आहात तिथेच सध्या सगळ्यात चांगली जागा. स्ट्रोक युनिटमध्ये ठेवलेले पेशंट साध्या वॉर्डातल्यांपेक्षा जास्त वाचतात आणि जास्त जण स्वतःच्या पायावर घरी जातात, हे अनेक देशांत अनेक वेळा तपासून झालंय. तुमच्याकडे इंजेक्शन मिळालं म्हणजे सोय असणार. पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाचा माणूस अशा ठिकाणी असेल की जिथे स्कॅनच नाही किंवा मेंदूचे डॉक्टर नाहीत, तर तिथून हलवायलाच पाहिजे, मात्र हलवायचं ते जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात, घराकडे नाही. या दोन गोष्टींची लोक फार गल्लत करतात. माझ्याकडे एक गृहस्थ आले होते, प्रवासातच स्ट्रोक, तिसऱ्या दिवशी घरच्यांनी हट्टाने सही करून सोडवून गाडीने आणलं, बारा-तेरा तास. गाडीत आडवं झोपवून मुलगा बाटलीने पाणी पाजत होता, प्रेमानेच. गिळण्याची टेस्ट झालीच नव्हती. आले ते छातीत कफ आणि ताप घेऊन, मग न्यूमोनियाचे तीन आठवडे, आणि त्या तीन आठवड्यांत माझं काम काय, तर छाती मोकळी करणं. हातापायाला हात लावायला महिना उजाडला. घरी लवकर नेल्यामुळे फिजिओ महिनाभर उशिरा सुरू झाली, असं उलटं गणित.

आता नातेवाईकांच्या त्या वाक्याकडे येते, पहिल्या दिवसांतच काय ते होतं. अर्धं खरं आहे. सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात जास्त असतो, सहा महिन्यांपर्यंत बराच, त्यानंतर कमी पण बंद नाही. महिन्यांचं गणित आहे हे, दिवसांचं नाही. पहिल्या दिवसांत जास्तीत जास्त रगडून घ्यायचं याचा उपयोग होत नाही हे आता माहीत आहे. २०१५ मध्ये एका मोठ्या अभ्यासाचे निकाल आले, पाच देशांतले २१०४ पेशंट, निम्म्यांना पहिल्या २४ तासांतच उठवून खूप वेळ खूप वेळा हालचाल करायला लावली, निम्म्यांना नेहमीच्या पद्धतीने. तीन महिन्यांनी बघितलं तर नेहमीच्या पद्धतीतले ५० टक्के चांगल्या स्थितीत होते आणि जास्त रगडलेल्यातले ४६. म्हणजे जास्त केलं आणि कमी मिळालं. मी सुरुवातीच्या वर्षांत स्वतः पहिल्या दिवशी पेशंटला उभं करून अर्धा-अर्धा तास घाम काढायची, घरचे खूश, मीही खूश. तो अभ्यास वाचला त्या रात्री बराच वेळ ते चेहरे आठवत बसले होते. आता थोडं थोडं, पण दिवसातून अनेकदा, असं करते, एका वेळी मोठं सेशन नाही. तुमच्या हॉस्पिटलात सकाळ-संध्याकाळ वीसेक मिनिटं फिजिओ येतो असं लिहिलंय, ते कमी वाटतंय तुम्हाला. कमी नाहीये, फक्त उरलेल्या तेवीस तासांत काय होतं ते महत्त्वाचं आहे आणि ते तुमच्या हातात आहे.

सगळ्यात आधी उजवा खांदा. खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीवर टेकवलेला चेंडू, त्याला जागेवर धरतात ते आजूबाजूचे स्नायू, आणि तेच आत्ता झोपलेत. त्यामुळे हाताचं सगळं वजन खांद्याला खाली ओढत राहतं. अशा हाताला धरून कोणी ओढलं, किंवा काखेत हात घालून वर उचललं (उचलायला गेलं की सगळे हेच करतात), की सांधा खाली निसटतो आणि मग जे दुखणं लागतं ते महिनोन्महिने. मी पेशंट बघते तेव्हा निम्मी दुखणी स्ट्रोकची नसतात, उचलणाऱ्यांची असतात. तर नियम असा की उजव्या हाताला ओढायचं नाही, कुशीवर वळवताना हात मागे अडकलेला ठेवायचा नाही, बसवलं की कोपरापासून बोटांपर्यंत पूर्ण हात उशीवर किंवा टेबलावर टेकलेला, मांडीवरून खाली लोंबकळणारा नाही. पाठीवर झोपवलं की उजव्या खांद्याच्या पात्याखाली एक छोटी उशी आणि हाताखाली दुसरी. उजव्या कुशीवर झोपवलेलं चालतं, लोक घाबरतात, पण खांदा किंचित पुढे ओढून घ्यायचा म्हणजे माणूस थेट खांद्याच्या टोकावर पडत नाही. हे नर्सकडून एकदा समोर करून बघून घ्या, लिहून सगळं कळत नाही.

आणि हातात दाबायला बॉल देऊ नका. कोणीतरी आणून देणारच, आणून दिलाही असेल. स्ट्रोकनंतर हाताचा प्रश्न मूठ मिटण्याचा नसतो, उघडण्याचा असतो. पुढे ताठरपणा यायला लागला की बोटं आपोआपच आत वळतात, त्यात बॉल कशाला.

बसणं. पलंगाच्या कडेला पाय जमिनीला टेकवून, कोणी धरलेलं नसताना किती सेकंद बसतात ते रोज मोजा, पण फिजिओ किंवा नर्स शेजारी उभी असताना, एकट्याने प्रयोग नको. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी यावर काम केलंय. पहिल्या ७२ तासांत जे ३० सेकंद आधाराशिवाय बसू शकले आणि ज्यांच्या पायात थोडीफार ताकद होती, त्यातले ९८ टक्के सहा महिन्यांनी स्वतंत्र चालत होते. ज्यांना दोन्ही जमत नव्हतं त्यांच्यात २७ टक्के. हातासाठीही त्यांनी असंच बघितलं, दुसऱ्या दिवशी बोटं थोडी उघडता येत होती आणि खांदा बाजूला उचलता येत होता अशांना ९८ टक्के शक्यता की हात काही ना काही कामाचा होईल, दोन्ही नसेल तर २५ टक्के. हे आकडे का सांगतेय, तर तुम्ही विचारलंय की चालतील का, आणि मला उगाच धीर द्यायचा नाही आणि घाबरवायचंही नाही. पाय उचलतात हे चांगलं लक्षण आहे, चालण्याबद्दल मी आशावादी आहे. हाताबद्दल आत्ता काही बोलता येत नाही, सहाव्या दिवशी बोटं हलत नाहीत म्हणजे हाताला जास्त वेळ लागेल आणि कदाचित पूर्ण येणार नाही. पण २५ टक्के म्हणजे चारातला एक, शून्य नव्हे, आणि हे आकडे गटाचे असतात, तुमच्या बाबांचे नसतात.

गिळणं. गिळण्याची टेस्ट झाली का आणि त्यात काय ठरलं, पातळ द्यायचं की दाट की नळीनेच, हे शब्दशः विचारून घ्या आणि पलंगाजवळ मोठ्या अक्षरात लिहून ठेवा म्हणजे आलेला प्रत्येक माणूस वाचेल. ठसका लागत नाही म्हणजे सगळं ठीक असं समजू नका, काही जणांना ठसका न लागताच पाणी श्वासनलिकेत जातं, नंतर आवाज ओला, घोगरा येतो तेवढंच. खायला-प्यायला सरळ बसवून, झाल्यावर अर्धा तास तसंच, आणि तोंड दिवसातून दोन-तीनदा आतून स्वच्छ. उजव्या गालात घास अडकून राहतो आणि त्यांना कळतही नाही, तो बघायचा.

थकवा येतो, भयंकर. दोन वाक्यं ऐकून झोपी जातील, तो आळस नाही आणि निराशाही नाही, मेंदू खरंच दमतो. आणि इथे एक विनंती, ते व्हिडिओ कॉल बंद करा. पंधरा जण एकामागून एक स्क्रीनवर येऊन "ओळखलंत का मला?" विचारतात, ज्या माणसाचा शब्द गेलाय त्याच्यासाठी ती रोजची तोंडी परीक्षा आहे आणि तो रोज नापास होतोय, सगळ्यांसमोर. दिवसातून एक कॉल, एकच माणूस, आणि बोलायचं त्याने, विचारायचं काही नाही.

आता "चला". हे मला खरं तर पहिल्यांदा लिहायचं होतं. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं म्हणजे मेंदूच्या डाव्या बाजूला इजा आहे, बहुतेकांची भाषा तिथेच असते. त्याला अफेजिया म्हणतात. त्यात कधीकधी एकच शब्द शिल्लक राहतो आणि माणूस काहीही म्हणायला गेला की तोच बाहेर येतो. पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरने १८६१ मध्ये मेंदूतली बोलण्याची जागा दाखवली ती ज्या पेशंटमुळे, तो माणूस कित्येक वर्षं जवळजवळ फक्त "टॅन" म्हणायचा, हो ला टॅन, नाही ला टॅन, पण चढउतार वेगळे. त्यामुळे बाबांचं चला म्हणजे घरी चला असेलही, पण तहान लागलीय, पाठ दुखतेय, लघवीला जायचंय, तू बस इथे, हेही असू शकतं. आईंना हे सांगणं अवघड आहे कारण त्यांना त्यात एक अर्थ सापडलाय. म्हणून सांगू नका, त्यांच्याबरोबर करून बघा. उत्तर आपल्याला माहीत आहे असे आठ-दहा प्रश्न काढा, आत्ता रात्र आहे का, ही तुमची मुलगी का (तुमच्याऐवजी नर्सकडे बोट दाखवून), तुमचं नाव अमुक का आणि तिथे चुकीचं नाव घ्या. हो ला मान हलवणं किंवा अंगठा वर, नाही ला उलट. प्रत्येक प्रश्नानंतर दहा सेकंद गप्प बसा, दहा सेकंद फार लांब वाटतात, तरी बसा. दहातली नऊ उत्तरं बरोबर आली तर त्यांच्या हो-नाहीवर भरवसा ठेवता येतो, मग विचारा, घरी जायचंय का. पाच-सहाच बरोबर आली तर अजून त्यांच्या उत्तरावरून विमानाचं तिकीट काढू नका.

दुसरं, परदेशात असल्याने एक गंमत होते, गंमत कसली, चूक होते. हॉस्पिटलात तपासताना "डोळे मिटा, मूठ करा" असं त्यांच्या भाषेत किंवा इंग्रजीत सांगतात, पेशंटला मुळात ती भाषा येत नसते किंवा स्ट्रोकनंतर मातृभाषेपेक्षा जास्त बिघडलेली असते, आणि फाइलमध्ये लिहिलं जातं, सूचना समजत नाहीत. मग इथे आल्यावर आम्ही ती फाइल वाचतो आणि पहिल्या भेटीत मराठीत "डोळे मिटा काका" म्हटलं की काका मिटतात. तेव्हा तपासणीच्या वेळी तुम्ही हजर रहा, दुभाषा व्हा, शब्दाला शब्द, आणि हाताने खुणा न करता, नाहीतर खूण बघून करतात आणि आपल्याला वाटतं समजलं. आकडे मोजून बघा बरोबर, एक, दोन, तीन म्हणा आणि थांबा, पुष्कळदा चार ते स्वतःहून म्हणतात. जे पाठ आहे, लहानपणापासून तोंडात बसलंय, ते वेगळ्या वाटेने बाहेर येतं. ते आलं म्हणजे बोलणं आलं असं नाही, पण त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येतो, आणि सहा दिवसांनी ते मोठं असतं. रडतील कदाचित. कारण नसतानाही रडू येणं हेही मेंदूच्या इजेचा भाग असू शकतं, पण सतत उदास वाटले तर डॉक्टरांना सांगा, स्ट्रोकनंतर तिघांतल्या एकाला कधी ना कधी डिप्रेशन येतं आणि त्यावर उपचार आहेत.

आता ती एक ओळ. आदल्या संध्याकाळच्या मुंग्या. तो छोटा झटका असू शकतो, येऊन गेलेला, आणि नसूही शकतो, दिवसभर बॅग उचलून, अवघडून बसूनही हाताला मुंग्या येतात. तुमचं काही चुकलं नाही असं मी म्हणणार नाही कारण मला माहीत नाही आणि तुम्हाला ते पटणारही नाही. पण ज्या गोष्टीला त्या क्षणी मुंग्यांपलीकडे काही रूप नव्हतं तिला तुम्ही मुंग्याच म्हणालात, मीही घरच्या माणसाला झोपा म्हटलं असतं, फिजिओ असून. मात्र हे तिथल्या डॉक्टरांना सांगितलंय का? नसेल तर आज सांगा, संकोच न करता. पुन्हा होऊ नये म्हणून कारण शोधताना, मानेतली रक्तवाहिनी, हृदयाची अनियमित लय वगैरे तपासताना, ते उपयोगी पडतं. आणि बाकी वाचणाऱ्यांना, तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं जड, अचानक तोल जाणं, अचानक दिसेनासं होणं, यातलं काही पाच मिनिटांत गेलं तरी त्याच दिवशी हॉस्पिटल, कारण पुढचे दोन दिवस सगळ्यात धोक्याचे. आणि घरातली रक्त पातळ करायची गोळी आपल्या मनाने द्यायची नाही, स्कॅनशिवाय गुठळी आहे की रक्तस्राव ते कळत नाही.

थोडक्यात इथवरचं असं की परवा निघायचं नाही, फिजिओचा वेळ वाया जात नाहीये, खांदा सांभाळा, गिळण्याचं लेखी घ्या, आणि "चला"चा अर्थ आधी तपासा.

आता जायचं तेव्हा कसं. विमानात हवेचा दाब सात-आठ हजार फूट उंचीवर असतो तसा असतो, ऑक्सिजन थोडा कमी पडतो, निरोगी माणसाला कळत नाही, ताज्या इजा झालेल्या मेंदूला कळू शकतो. कवटी उघडून ऑपरेशन झालं असेल तर आणखी वेगळे नियम, कारण आत राहिलेली हवा वर गेल्यावर फुगते, तुमच्याकडे तसं नाही. प्रत्येक विमान कंपनीचे दिवस वेगवेगळे असतात, पहिले काही दिवस बहुतेक नेतच नाहीत, दोन आठवड्यांच्या आत असेल तर डॉक्टरांचं पत्र आणि मेडिफ नावाचा फॉर्म मागतात, कधी सोबत नर्स हवी म्हणतात. हा फॉर्म तिथल्या डॉक्टरांनीच भरायचा असतो, त्याला दोन-तीन दिवस जातात, तिकीट काढायच्या आधी कंपनीच्या मेडिकल डेस्कशी बोला. ट्रॅव्हल इन्शुरन्स असेल तर त्यांच्या चोवीस तासांच्या नंबरवर अजून फोन केला नसेल तर हे वाचून झाल्यावर पहिलं तेच करा. नर्सची सोबत, आडवं झोपून जायची सोय, हे पुष्कळदा पॉलिसीत असतं पण आधी विचारून मंजूर करून घेतलं तरच, नंतर बिलं दाखवून भांडत बसावं लागतं.

व्हीलचेअर सांगताना नुसतं व्हीलचेअर म्हणू नका. तीन प्रकार असतात, फक्त लांब अंतरासाठी, जिन्यासाठी, आणि थेट सीटपर्यंत. तुम्हाला तिसरा हवा, त्याचा कोड डब्ल्यूसीएचसी, बुकिंगवर तोच लिहिलाय ना बघा, नाहीतर विमानाच्या दारात खुर्ची सोडून देतात आणि आतला अरुंद रस्ता तुमच्या गळ्यात. सीट अशी घ्या की डावी, म्हणजे चांगली बाजू रस्त्याकडे आणि उजवी आत तुमच्याकडे, कारण लुळा हात रस्त्याकडे असला तर येणारी-जाणारी ट्रॉली त्यावर आपटते आणि त्यांना कळतसुद्धा नाही. टॉयलेटचं काय करायचं ते नर्सशी आधीच ठरवा, हा विषय कोणी काढत नाही आणि आठ तासांच्या प्रवासात सगळ्यात मोठा हाच होतो. पायात गुठळी होऊ नये म्हणून घट्ट मोजे स्वतःहून विकत घेऊ नका, स्ट्रोकच्या पेशंटमध्ये त्याचा फायदा दिसलेला नाही आणि कातडी सोलली जाते, डॉक्टर सांगतील ते करा.

कागद. डिस्चार्ज समरी इंग्रजीत मागा, त्यात औषधांची कंपनीची नावं नकोत तर मूळ नावं हवीत कारण ब्रँड देशागणिक बदलतात. स्कॅनचा नुसता रिपोर्ट नको, चित्रं सीडी किंवा पेनड्राइव्हवर. पहिल्या दिवशीचा आणि सोडतानाचा एनआयएचएसएस स्कोअर, म्हणजे स्ट्रोक किती तीव्र आहे त्याचे गुण, लिहून घ्या, ० ते ४२ असतो, जितका कमी तितका बरा, त्यावरून आम्हाला कळतं की गाडी कुठून कुठे आलीय. आणि रोज एक मिनिटाचा व्हिडिओ काढा, बसताना, पाय उचलताना, आकडे मोजताना. माझ्यासारखीला तुमच्या दहा पानी फाइलपेक्षा ते दहा व्हिडिओ जास्त सांगतात. औषधं प्रवासाच्या दोन दिवसांची जास्तीची, हातातल्या बॅगेत. घरी पोचायच्या आधीच इथल्या न्यूरॉलॉजिस्टची आणि रिहॅबची वेळ घेऊन ठेवायला एका नातेवाईकाला सांगा, जो सगळ्यात जास्त फोन करतो त्यालाच सांगा, त्याला काम मिळेल आणि तुमचे फोन कमी होतील.

राहिल्या आई. तुम्ही लिहिलंय की त्या सहा दिवस खुर्चीतच आहेत. त्यांच्या स्वतःच्या गोळ्या चालू आहेत का ते विचारा, अशा गडबडीत बायका आधी स्वतःच्या गोळ्या विसरतात. आज रात्री त्यांना हॉटेलवर पाठवा, नाही म्हणतील, तर सांगा की उद्या सकाळी फिजिओ येणार आहे आणि पलंगावरून खुर्चीत कसं बसवायचं ते शिकवणार आहे, ते तुलाच शिकायचंय, त्याला कंबर हवी आणि झोप हवी. फिजिओला मात्र आधी विचारून ठेवा, म्हणजे ते खोटं पडायला नको.

हो-नाहीचे प्रश्न करून झाले की किती बरोबर आले ते इथेच लिहा, त्यावरून पुढचं सांगते.